मुलाच्या फिटसाठी व्हिडिओ कॉलवर डॉक्टर: या चुका टाळा

सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशिकला, नाहीतर नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईला मुलाला दाखवायला न्यायचं, म्हणजे अख्खा दिवस जातो आणि वर रोजही बुडतो. फिट आटोक्यात असलेल्या मुलाचा फॉलो-अप, डोकेदुखी, अतिचंचलता, रिपोर्टवरची चर्चा, एवढं व्हिडिओ कॉलवर चांगलं होतं. पण डॉक्टर मुलाला हात लावून तपासू शकत नाहीत. ती उणीव घरच्यांच्या तयारीनेच भरून निघते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मूलच कॉलवर नसणं. बाबा सातपूरच्या कंपनीतून बोलतात आणि मूल गावी आजीजवळ. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच. माझ्या मते ते माणूस फिट स्वतः पाहिलेलं असावं. आजीने पाहिली असेल तर आजीलाच बोलू द्या.

दुसरी चूक फिटच्या व्हिडिओची. घाबरलेल्या घरात कुणी फक्त चेहरा टिपतं, कुणी चादरीखालचं मूल. डॉक्टरांना पूर्ण शरीर हवं असतं: डोळे कुठे वळले, झटके एका बाजूला की दोन्हीकडे, सुरुवात कुठल्या हातापायापासून झाली. चादर काढा, दिवा लावा, मुलाला नावाने हाक मारा आणि फिट थांबल्यावरही थोडा वेळ चित्रण चालू ठेवा. टक लावून बघण्याचे झटके असतील तर खांद्याला हात लावून मूल भानावर येतं का, तेही दिसू द्या. मात्र आधी मुलाला कुशीवर वळवा, मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्या. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो धूसर होत नाही.

चालण्याची तक्रार असेल तर मुलाला हाफ पँट घालून अनवाणी चालवा, मोबाइल खाली, दूर ठेवा. जमिनीवरून उठतानाही दाखवा. मांड्यांवर हात टेकत उठणारं मूल स्नायूंच्या आजाराची महत्त्वाची खूण देऊन जातं.

औषधाचा डोस सांगताना ‘पाच एमएल’ एवढंच सांगू नका. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिलीग्रॅम असतात, तर लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये एकाच मिलीत १००. बाटली कॅमेऱ्यासमोर धरा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून त्याच आठवड्यात केलेलं वजन सांगा. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात ते करून मिळतं.

गोळ्या संपल्यावर कॉल लावणं ही धोक्याची चूक आहे, कारण अचानक औषध बंद झालं की फिट उसळतात. अतिचंचलतेचं मिथाइलफेनिडेट तर व्हिडिओवर लिहून देताच येत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष भेट आधीच ठरवा. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं, तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काही वेळा मात्र कॉलची वाट बघूच नका. पहिलीच फिट, फिटसोबत ताप आणि सुस्ती, सकाळी डोकेदुखीसह उलट्या, अंगातली ताकद अचानक जाणं, यासाठी थेट दवाखाना गाठा. झोपेतून उठल्यावर बाळ पुन्हापुन्हा मान टाकत, हात फेकत असेल, तर ते पोटदुखी किंवा दचकणं समजून थांबू नका. तो इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे लहान बाळांना येणाऱ्या फिटचा प्रकार असू शकतो आणि त्यात उपचारांना उशीर झाला तर मुलाच्या विकासाचं नुकसान होतं. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली तर लगेच १०८.

नेटवर्क कमकुवत असलेल्या गावात कॉल मधेच तुटतो, म्हणून सुरुवातीलाच साधा फोन नंबर देऊन ठेवा. आणि कॉल बंद करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: डोस चुकला किंवा उलटीत पडला तर काय करायचं, आणि पुढची प्रत्यक्ष तपासणी कधी.