ऑपरेशननंतर घसा का दुखतो, आपला दुखणार का ते आधी कसं ओळखायचं आणि काय करायचं

पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, पोटाला चार बारीक भोकं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला पेशंट काय सांगतो तर पोटाचं काय नाही ओ, घसाच लय दुखतोय. मी बेळगावात ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भुलीच्या बाजूला काम करतो त्यामुळं हे नेहमीचं ऐकणं आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडनं चंदगड, सगळीकडनं लोक ऑपरेशनला इथं येतात, आणि घसा दुखायला लागला की नातेवाईकांचा पहिला संशय एसीवर, दुसरा सलाइनवर आणि मग ‘ह्यांना गार पाणी कुणी दिलं?’ म्हणून घरातल्याच कुणावर तरी. बिचाऱ्या सुनेवर बहुतेक. ह्यातलं काही नसतं. दुखणं बहुतेक वेळा भुलीच्या नळीचं असतं आणि ते कमी करायचं असेल तर जे काय बोलायचं ते ऑपरेशनच्या आधी बोलायला लागतं, नंतर हातात गुळण्या तेवढ्या राहतात.

नळीचं काय होतं ते आधी सांगतो. पूर्ण भूल दिली की श्वासाचे स्नायू पण ढिले पडतात, म्हणून तोंडातून एक प्लास्टिकची नळी स्वरयंत्राच्या मधनं श्वासनलिकेत सोडतात आणि तिच्यावर मशीन श्वास देतं. तोंडातून नळी घालून भूल द्यायची ही पद्धत ग्लासगोच्या विल्यम मॅकेवन यांनी १८७८ साली वापरली, त्याआधी गळ्याला भोक पाडावं लागायचं, त्यामुळं नळीला शिव्या देताना एवढं लक्षात असू द्या. तर ह्या नळीच्या खालच्या टोकाला एक फुगा असतो, कफ म्हणतात त्याला. नळी आत गेली की सिरिंजनं त्यात हवा भरायची, म्हणजे बाजूनं हवा गळत नाही आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जात नाही. बाहेर बारीक निळसर फुगा लोंबत असतो, आतला किती फुगलाय ते त्यावरून कळतं. सायकलची ट्यूब दाबून बघतो तसं चिमटीत धरून बघायची सवय सगळ्यांना आहे, आणि खरी गोम तिथंच आहे. बोटांना दाब नीट कळत नाही, हवा जास्तच भरली जाते. कफातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका पाहिजे. ३० च्या वर गेला की श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी व्हायला लागतो, ५० ला तर जवळपास बंदच, मग ते अस्तर सुजणार आणि दुखणारच की. त्यात भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड वापरत असतील तर तो गॅस हळूहळू कफात शिरतो आणि सुरुवातीला बरोबर असलेला दाब दोन तासांनी वर गेलेला असतो. दाब मोजायचं छोटं घड्याळासारखं मीटर मिळतं, काही लाखाचं मशीन नव्हे ते.

आता आपला घसा दुखणार का ते ओळखायचं. नळी घातलेल्यांत वेगवेगळ्या अभ्यासात शंभरातल्या साधारण २० पासून ६० जणांपर्यंत दुखल्याचं दिसतं, म्हणजे कुणालाच ‘तुम्हाला नाही हो होणार’ असं सांगता येत नाही, पण कुणाला जास्त ते सांगता येतं.

पहिला प्रश्न, भूल कुठली? सिझर, हर्निया, पायाची हाडं हे बऱ्याचदा पाठीत सुई देऊन होतं, तिथं नळीच नाही, मग घशाचं टेन्शन सोडा, फार तर उपाशी राहून तोंड कोरडं पडेल. पूर्ण भूल असली तरी लहान ऑपरेशनला कधीकधी नळी स्वरयंत्राच्या आत न घालता वरच बसणारा मास्क वापरतात, एलएमए म्हणतात, त्यात त्रास त्या मानानं कमी. दुर्बिणीतून पोटाचं काम म्हणजे बहुतेक नळी धरूनच चाला.

मग माणूस. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दुखतं, हे खूप अभ्यासांत आलंय, स्वरयंत्र आणि श्वासनलिका लहान असते आणि नळी मात्र मोठी पडते. तरुणांची तक्रार म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा घसा आधीच चिडलेला असतो, नळी काढताना खोकला जोरात येतो, आणि त्या खोकल्यात नळी आतनं घासते. आमच्याकडं निपाणीचा तंबाखू घराघरात, त्यामुळं हा प्रश्न मी हटकून विचारतो, आणि पुरुष लगेच सांगतात पण बायका सांगत नाहीत. ‘काकी, मिश्री लावतासा काय?’ म्हटलं की आधी सुनेकडं बघतात मग ‘सकाळी तेवढी जराशी’. मिश्री लावत असाल तर हिरड्या आणि हलणारे दात बघायला लागतात, नळी घालताना दात हलला तर वेगळाच घोळ, म्हणून लपवू नका. सर्दी, घसा धरलेला, दमा हे पण सांगायचं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सर्दी झाली तर ‘तारीख हुकेल’ म्हणून गप्प बसणारे लोक आहेत, तसं करू नका, बेळगावच्या पावसाळ्यात सर्दी कुणाला चुकलीय, पण डॉक्टरला ठरवू द्या.

मग ऑपरेशन. थायरॉइड किंवा मानेचं, पालथं झोपवून मणक्याचं, छातीचं जिथं दोन नळ्या एकात असलेली जाडी नळी घालतात, नाकाचं किंवा दाताचं जिथं घशात पट्टी कोंबून ठेवतात, शिवाय नाकातून पोटात राइल्स ट्यूब घातली तर ती, आणि तासन्‌तास चालणारं कुठलंही. हे सगळे घसा दुखवणारे.

आणि नळी घालायला अवघड गळा. एकदा आरशासमोर बसा, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, ‘आ’ म्हणू नका. मागची पडजीभ पूर्ण दिसते की नुसती टाळूच दिसते? स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का? मान मागं नीट जाते का? पडजीभ दिसत नाही, बोटं मावत नाहीत, मान आखडलीय, हनुवटी मागं आहे, असं असेल तर नळीला दोन-तीन प्रयत्न लागू शकतात आणि प्रत्येक प्रयत्नाला घसा खरवडतो. गुटख्यानं तोंड कमी उघडणारी तरुण पोरं आता फार येतात, त्यांनी तर हे सगळ्यात आधी सांगायचं. भूलवाले डॉक्टर ऑपरेशनआधीच्या तपासणीत, म्हणजे फिटनेसच्या वेळी, हेच बघतात, लोकांना वाटतं उगाच जीभ काढायला लावली.

वरच्यातली दोन-तीन तुम्हाला लागू झाली तर घसा दुखणार असं धरूनच चाला आणि फिटनेसच्या दिवशीच बोला. ऑपरेशन टेबलवर पडल्यावर काही बोलणं होत नसतं. संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो, कळत नसेल तर ‘मराठीत सांगा’ म्हणायचं, त्यात लाजायचं काय, बेळगावात मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी दवाखान्यात असतंच. विचारायचं एवढंच: नळी लागणार का, लहान नंबरची चालेल का, कफाचा दाब मीटरनं बघता का, आणि घशासाठी आधी काही देता का. नंबर नळीवर छापलेला असतो, तो आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. बाईमाणसाला ७ च्या ऐवजी ६ घातली तर दुखणं कमी होतं असं दिसलंय, पण शेवटचा निर्णय भूलवाल्यांचा, कारण श्वास नीट जाणं आधी आणि घसा नंतर. आवाज चढवून विचारू नका एवढंच, नीट विचारलं की बहुतेक डॉक्टर खूश होतात, वाचून आलाय म्हणून.

आधी काय देता येतं? जेष्ठमध. हसू नका, लखनौच्या एका मोठ्या संस्थेतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये अभ्यास छापला होता, अर्धा ग्रॅम जेष्ठमध ३० मिली पाण्यात, भूल द्यायच्या पाच मिनिटं आधी गुळणी, आणि साध्या पाण्याच्या गुळणीपेक्षा दुखणं कमी. पुढं २०१३ मध्ये व्हिएन्नात छातीच्या ऑपरेशनच्या, त्या जाड्या नळीच्या पेशंटवर पण तसंच दिसलं. म्हणजे आजीचा डबा बरोबर होता. पण ह्यात एक मोठी अट, ही गुळणी डॉक्टरांना विचारून, त्यांच्यासमोर, आणि थुंकून टाकायची. उपाशी पोटाच्या नियमाचा भंग करून वॉर्डात बसून काढा पिऊन येऊ नका, पोटात काही असलं आणि भुलीत उलटी झाली तर घसा राहिला बाजूला जीवावर बेतेल. शिवाय जेष्ठमध रोज जास्त पोटात गेलं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं.

डॉक्टरांच्या हातात आणखी पण गोष्टी असतात, शिरेतून डेक्सामेथासोन (उलटीला पण चांगलं, शुगरवाल्यांची शुगर मात्र वर जाते), नळीला बीटामेथासोनचं जेल, बेंझिडामिनची गुळणी किंवा स्प्रे, मॅग्नेशियमची किंवा केटामिनची गुळणी. ही नावं घरी वापरायला नव्हेत, विचारायला आहेत. नळीला नुसती बधिर करणारी लिग्नोकेन जेली फासली की घसा दुखत नाही असा जुना समज आहे, त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही, उलट काहींना जास्त चुरचुरतं.

पाणी किती वाजेपर्यंत, ते पण नीट विचारा. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास, तेलकट-मटण असेल तर आठ किंवा जास्त, हा सर्वसाधारण नियम आहे, पण घरचे लोक रात्री दहापासूनच थेंब देत नाहीत आणि केस लागते दुपारी दोनला. मग घसा नळी घालायच्या आधीच कोरडा खडखडीत. डॉक्टरांनी दिलेली वेळ कागदावर लिहून घ्या, कारण काहींना, शुगरवाले, जास्त वजनाचे, बाळंतपणाच्या बायका, वेगळी वेळ देतात. बिडी जितकी आधी सुटेल तितकं बरं, महिनाभर आधी म्हणजे उत्तम, ते नाही जमलं तर निदान आदल्या दिवशी तरी नाही.

ऑपरेशन झालं. घसा सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी दुखतो आणि बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत जातो. सिस्टरला सांगा, मराठी येत नसेल तर ‘गंटलु नोवु’ म्हटलं की कळतं. सर्जननं तोंडाने घ्यायला परवानगी दिली की आधी घोट घोट पाणी, चालत असेल तर बर्फाचा खडा चघळायला. पॅरासिटामॉल बहुतेक चालूच असतं, तेच घशाला पण लागू पडतं, वेगळी गोळी मेडिकलमधून आणू नका. अँटिबायोटिक तर मुळीच नको, हा इन्फेक्शनचा घसा नव्हे, खरचटलेला आहे. कोमट पाण्याचा ग्लास, त्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, हलक्या गुळण्या. पोटाला टाके असतील तर घशातनं खळखळ आवाज काढत गुळण्या नकोत, टाक्यांना ओढ बसते. घशाचंच ऑपरेशन असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय काहीच नाही.

खाण्यात नाचणीची आंबील गार करून, पेज, मऊ भात-तूप. भाकरी, शेंगाची चटणी, चिवडा दोन दिवस लांब. आणि इथं आमच्या भागाचा एक खास त्रास, बघायला येणारी माणसं. आख्खी गल्ली टेम्पो करून येते, प्रत्येकाच्या हातात कुंदा मिठाईचा बॉक्स, आणि प्रत्येक जण पेशंटलाच विचारतो ‘कसं झालं सांग की पयल्यापासनं’. पेशंट बिचारा ताण देऊन देऊन तेच पुन्हा सांगतो आणि संध्याकाळी आवाज बसतो. दाराशी घरातलं एक बोलकं माणूस बसवा, गोष्ट त्यानं सांगायची, कुंदा पण त्यानंच खायचा. पेशंटनं गरज असेल तेवढंच हळू नेहमीच्या आवाजात बोलायचं, जोर लावून कुजबुजायचं नाही, खाकरून घसा साफ करत बसायचं नाही.

हे सगळं साध्या दुखण्याचं झालं. श्वास घेताना घुर्रघुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, दम लागणं, स्वतःची थुंकी पण गिळता न येणं, मान सुजणं, मानेच्या कातडीवर बोट दाबलं की कुरकुर लागणं, ताप आणि छातीत दुखणं, थुंकीतनं नुसता लाल धागा नव्हे तर रक्त येत राहणं, ह्यातलं काही झालं तर गुळण्या करत थांबू नका, वॉर्डात असाल तर तिथल्या तिथं ओरडून सांगा, घरी गेला असाल तर १०८. हा नंबर कर्नाटकात पण चालतो आणि चंदगडला महाराष्ट्रात पण. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मान फुगून श्वास अडकायला लागला तर एक मिनिट पण घालवायचा नाही. आवाज घोगरा राहिला आणि आठवड्यानं पण सुधारत नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, दुर्बिणीनं स्वरयंत्र बघतात.

डिस्चार्ज घेताना एक विचारा, नळी घालायला अवघड गेलं होतं का? गेलं असेल तर किती प्रयत्न लागले, कुठल्या नंबरची घातली, हे कार्डावर लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कार्ड गावाकडं कपाटात राहतं आणि पुढचं ऑपरेशन बहुतेक दुसऱ्याच दवाखान्यात होतं.