एआयकडून कोड घ्या, पण टेस्ट आधी स्वतःच्या हातानं लिहा

गिट येतं, एडिटर आहे, एकदोन पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी प्रोजेक्टला विनंती) पाठवून झालेत असं धरून चालतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ओपन सोर्सचं काम करतो, एआयची मदत रोज घेतो, आणि "एआयला सांगा, पीआर टाका, झालं" असा सल्ला देणाऱ्यांचा मला आता खरंच राग येतो.

आधी प्रोजेक्टचा नियम वाचा. जेंटू या लिनक्स प्रोजेक्टनं 2024 मध्ये एआयनं लिहिलेला कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं, फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रोजेक्टनं 2025 मध्ये चालेल म्हटलं पण मदत घेतली तर सांगा, जबाबदारी तुमचीच. बंदी असेल तर लपूनछपून पाठवू नका.

मग छोटा बग निवडा, एका वेळी एकच.

आता खरी अडचणीची जागा, टेस्ट, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणारा छोटा कोड. एका लायब्ररीत (इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये) लांब नाव ठरावीक लांबीवर कापायचं काम होतं. एआयनं दोन मिनिटांत कोड दिला, टेस्टही दिल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, मी पाठवून मोकळा. मेंटेनरनं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं विचारलं, 'वर्धा' कापून 'वर्' उरतं, तुमच्या भाषेत असं लिहितात का? कम्प्युटरसाठी 'वर्धा' म्हणजे व, र, हलन्त, ध आणि काना असे 5 तुकडे, 3 वर कापलं की हलन्त लटकत राहतो. कोड चुकला होताच, पण एआयनं टेस्टमधलं अपेक्षित उत्तरही त्याच चुकीच्या कोडवरून उचललं होतं, मग ती लाल होणार कशी? त्या अख्ख्या पीआरमध्ये मराठी वाचता येणारा मी एकटा होतो आणि मीच वाचलं नव्हतं. वरून त्या प्रश्नाचं उत्तर पण एआयकडून लिहून घेऊन चिकटवलं. त्यांनी पीआर बंद केला, आणि बरोबर केलं. तो माणूस नोकरी सांभाळून रात्री फुकटात आपला कोड वाचत होता बावा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. एआय उघडायच्या आधी टेस्ट मी लिहितो, 'वर्धा', 'चंद्रपूर', 'क्षि', रिकामी ओळ, आणि प्रत्येकाचं उत्तर काय यायला पाहिजे ते आधी वहीत. मग एआयला स्पष्ट सांगतो की टेस्टच्या फाइलला हात लावायचा नाही, तरी तो कधीकधी लावतोच, म्हणून डिफमध्ये (काय काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) ती फाइल पहिले बघतो. सगळं हिरवं झालं की कोडमधली एक ओळ मुद्दाम बिघडवतो, टेस्ट लाल झाली पाहिजे, नाही झाली तर ती टेस्ट काही कामाची नाही. आपल्याकडे पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजतात ना, दुकानदार चांगलं म्हणतो म्हणून कोणी पेरत नाही.

मग डिफ ओळीओळीनं वाचा आणि ही ओळ काहून आहे ते मोठ्यानं मराठीत सांगा. सांगता आलं नाही तर ओळ काढा. एका एआयचं काम दुसऱ्या एआयकडून तपासून घ्या म्हणतात, खुशाल घ्या, पण वाचायचं काम त्यानं सुटत नाही.

एआयनं नवीन पॅकेज (बाहेरचा तयार कोड) सुचवलं असेल तर ते खरंच आहे का, कोणाचं आहे, लायसन्स काय, हे इन्स्टॉल करायच्या आधी बघा. एआय कधीकधी नसलेली नावं सांगतो आणि त्याच नावानं कोणी खराब कोड टाकून ठेवू शकतो.

कमिटच्या मेसेजमध्ये एआयची मदत कुठं घेतली ते लिहा. साइन-ऑफची ओळ मागत असतील तर ती तुमच्या नावानं, कारण हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं तुम्ही लिहून देताय.

रिव्ह्यूत प्रश्न आला की उत्तर स्वतः टाइप करा, इंग्रजी मोडकी असली तरी चालते. उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगतो" लिहा, आणि लाइट आली की खरंच बघून सांगा.