विभागीय निधीसाठी अर्ज करताना या चुका टाळा

संशोधनाच्या खर्चासाठी साहित्याच्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या विभागाकडे केलेला अर्ज बहुधा पहिल्याच परिच्छेदात फसतो, कारण त्यात विषयाची थोरवी भरभरून सांगितलेली असते आणि पैसे नेमके कशासाठी हवेत हे मात्र शोधावे लागते. ‘मराठी दिवाळी अंकांच्या परंपरेचा अभ्यास करावयाचा आहे’ एवढ्यावर कोणतेही विभागप्रमुख रक्कम मंजूर करू शकत नाहीत. त्याऐवजी ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ चा दिवाळी अंक कोणत्या ग्रंथालयात पाहणार, त्यातील किती पानांच्या प्रती लागणार आणि त्या प्रबंधिकेच्या कोणत्या प्रकरणासाठी वापरणार, हे लिहिले की मागणीला आकार येतो.

त्यासाठी अर्ज लिहिण्यापूर्वीच चौकशी करावी लागते आणि नेमके तेच राहून जाते. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो वा फोर्टमधील एशियाटिक सोसायटी, हवा तो अंक तेथे आहे का आणि प्रती काढण्याचे नियम व दर काय आहेत, हे ग्रंथपालांना आधी विचारावे. जुना कागद ठिसूळ झाला असेल तर झेरॉक्सला नकार मिळू शकतो. मग स्कॅनिंगचा किंवा केवळ छायाचित्रे घेण्याचा पर्याय उरतो आणि सारा हिशेब बदलतो.

अंदाजपत्रकात ‘प्रवास ५,००० रुपये’ असा ठोकळ आकडा पाहिला की तपासणाऱ्याला शंका येणारच. प्रत्येक फेरीचे भाडे वेगळे दाखवावे. कल्याण ते दादर मार्गाचा सवलतीचा पास खिशात असताना त्याच मार्गाचे तिकीट मागू नये. ‘किरकोळ खर्च’ ही बाब सर्वांत मोठी ठरत असेल, तर अंदाजपत्रक पुन्हा करावे हे बरे.

वेळेची चूक सर्वांत महाग पडते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि अखेरच्या आठवड्यांत लेखा विभागात बिलांची झुंबड उडते. म्हणून अर्ज दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दिलेला चांगला. मंजुरीपूर्वी केलेला खर्च नंतर मिळेल असे गृहीत धरू नये. दुकानदाराची कच्ची पावती न घेता क्रमांक, तारीख व शिक्का असलेले पक्के बिल घ्यावे, आणि अर्जातील नाव बँकेच्या पासबुकावरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीची प्रक्रिया स्वतंत्र आहे. तेथील अर्ज क्रमांक विभागाच्या अर्जाला जोडून काहीही साधत नाही.

अर्ज अडकलाच तर विभागप्रमुखांच्या दाराशी रोज उभे राहण्यापेक्षा आवक क्रमांक हाताशी ठेवून तो कोणाच्या टेबलावर आहे हे कार्यालयात विचारावे. अर्ज देतानाच दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला नसेल, तर हा साधा प्रश्नही विचारता येत नाही. नकार मिळाल्यास कोणत्या बाबीवर आक्षेप आहे हे लेखी मागावे, म्हणजे तेवढीच दुरुस्ती करून अर्ज पुन्हा देता येतो. निम्मीच रक्कम मंजूर झाली तर कोणते काम वगळणार हे मार्गदर्शकांशी ठरवून सुधारित अंदाजपत्रकाला लेखी संमती घ्यावी, कारण प्रवासासाठी मंजूर झालेले पैसे परस्पर स्कॅनिंगवर खर्च केल्यास ते बिल परत येऊ शकते आणि खर्च विद्यार्थ्याच्याच अंगावर पडतो.