उत्तम कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा पारखावा

महागड्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची तुलना मेगापिक्सेलपासून सुरू करू नये. आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, पाहावा. सोनी आरएक्स१०० मार्क ७ मधला 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा आहे, तर रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स१००व्हीआय यांतील एपीएस-सी या मोठ्या मापाच्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे तिप्पट भरते, आणि तालमीतल्या अंधूक उजेडात हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मात्र कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दूर बसून कुस्ती टिपायची असेल, तर रिकोची २८ किंवा फुजीची ३५ मिलिमीटर समतुल्य (फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने) स्थिर, म्हणजे झूम न होणारी लेन्स अपुरी पडते. तिथे सोनीची २४ ते २०० ची झूमच कामी येते. ती लांबवली की प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र एफ २.८ वरून एफ ४.५ पर्यंत आकसते, आणि माझ्या मते झूमचा कॅमेरा घेण्यापूर्वी हाच आकडा विचारावा.

शक्य असल्यास तुलनेचे दोन कॅमेरे घेऊन दिवेलागणीला रंकाळा तलावावर जावे. शटर सेकंदाच्या १/१२५ वर व आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) स्वयंचलित ठेवून शालिनी पॅलेसचा मनोरा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात टिपावा, मग संगणकावर पूर्ण आकारात उघडून मनोऱ्याच्या कडा आणि सावलीतला रवाळपणा बारकाईने तपासावा.

रिकोला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, नाही, हे पन्हाळ्याच्या भर उन्हात जाणवते. जादा बॅटरी कोणत्याही कॅमेऱ्यासोबत घ्यावीच.