मुरमात खड्डे घेताय? अवजारं घेताना या चुका टाळा

उन्हाळ्यात आंबा-सीताफळाचे खड्डे घ्यायचे ठरलं की बाजारातून एक टिकाव नि एक फावडं येतं, आणि आठवड्याच्या आत टिकावाचा दांडा मोडलेला, फावड्याची कड दुमडलेली. खापर मात्र दगडावर फुटतं. खरी गडबड खरेदीत आणि वापरात असते.

माळरानात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली मांजऱ्या खडक (मुरमाहून घट्ट, पाषाणाहून मऊ) आणि मग काळा पाषाण. मुरमात टिकाव चालतो. मांजऱ्याला पहार लागते. फावडं फक्त सुटलेला माल घमेल्यात भरायला. त्याने खणायला गेलात तर पातं नेढ्यापाशी, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापाशी, तुटणारच.

टिकावाने धोंडा उचकटणं

दांडे सगळ्यात जास्त मोडतात ते इथे. टोक धोंड्याखाली घालायचं आणि दांड्यावर अंगाचा भार टाकायचा, ही सवय घरोघरी. टिकाव घाव घालायला आहे; तरफ लावायची तर पहार घ्या, तिच्याखाली टेकू म्हणून एक छोटा दगड सरकवा.

पहार नुसती लांबी बघून घेणं

पहारीत पैसे लोखंडाचे, म्हणून तराजूवर ठेवायला सांगा. गोल सळईचं वजन काढायची साइटवरची रीत सोपी आहे: जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते येतं. २५ मिमीची सळई मीटरला ३.८५ किलो भरते, म्हणजे पाच फुटी पहार साधारण ५.९ किलो. दुकानदार २५ मिमी म्हणतोय आणि काटा साडेचारवर थांबतोय, तर सळई बारीक आहे. अशी पहार पहिल्याच मोठ्या धोंड्याला वाकते.

जितकं कडक तितकं चांगलं, असं मानणं

ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने केलेली कुदळ अनेकदा दुकानातल्या चकचकीत मालापेक्षा टिकते. पण तिला पाणी किती दिलंय, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून टोक किती कडक केलंय, त्यावर सगळं. टोक फार कडक झालं तर दगडावर कपची उडते, आणि ती डोळ्यात जाऊ शकते. मऊ राहिलं तर टोक बोथट होऊन मुडपतं. कडकपणा टोकाच्या इंच-दोन इंचातच हवा, मागचा भाग चिवट. टोकावर कानस फिरवून बघा: तिने सहज खाल्लं तर लोखंड मऊ, नुसती घसरली तर कडक. हलकीशी लागली, तर बरं.

धार गेली की ग्राइंडरवर धरणं हा त्यातलाच दुसरा घोळ. टोक निळं पडलं म्हणजे तापून त्याचं पाणी उतरलं. मग ते लगेच बोथट होणार. ग्राइंडर वापरायचाच तर थोडं घासा, पाण्यात बुडवा, परत घासा. हंगामाआधी लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून टोक काढून) आणणं याहून चांगलं, फक्त आता लोहार सापडायला हवा.

छिन्नीवर घण मारून मारून तिचं डोकं पसरतं, कडा बाहेर येतात. त्या वेळीच घासून टाका, आणि खडक फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

दांडा खालून घालून खिळे ठोकणं

टिकावाचा दांडा एका टोकाला जाड असतो. बारीक टोक नेढ्यातून वरून खाली घालायचं. जाड टोक वर अडकतं आणि प्रत्येक घावाला डोकं आणखी घट्ट बसतं. उलटा घातला तर हवेत सुटायची भीती. लाकूड बाभळीचं, पण वाळलेलं घ्या. ओला दांडा उन्हात आकसतो आणि डोकं खुळखुळतं. मग तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, तो फुगून एक दिवस घट्ट बसतो नि वाळला की पुन्हा सैल.

पाण्याचा खरा उपयोग खड्ड्यात होतो. संध्याकाळी निम्मा खणलेल्या खड्ड्यात पाणी सोडलं तर सकाळी मुरूम बराच सुटतो. पाषाणाला त्याचा काही फरक पडत नाही. कोकणातल्या जांभ्याची तऱ्हा वेगळी: ताजा उघडलेला जांभा मऊ, हवा लागली की कडक होतो, तेव्हा तिथे अर्धवट खणून ठेवू नका.

पहार टाकल्यावर ठण्ण आवाज आला, हाताला झिणझिण्या आल्या आणि नुसता पांढरा ओरखडा उमटला, तर खाली पाषाण आहे. शक्य असेल तर खड्डा दोन-तीन फूट सरकवा. सरकवता येत नसेल तर ब्रेकरवाल्याला (मशीनने खडक फोडणाऱ्याला) बोलवा. एक दिवसाचं भाडं तुटलेल्या अवजारांपेक्षा स्वस्त पडू शकतं.