आधी कपाळ बघा

दरवर्षी नवे इंटर्न आले की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पहिली क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी वासाची) तपासायला रुग्णाच्या नाकाशी बामची बाटली धरतं. रुग्ण तोंड वाकडं करतो, हा लिहितो 'वास नॉर्मल'. अरे, बाम झोंबतो तो पाचवीमुळे, चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेमुळे! ज्याला वास मुळीच येत नाही, त्यालाही तो झोंबणारच. कॉफी पावडर घ्या, नाहीतर अंगाचा साबण. डोळे मिटायला सांगायचं आणि एकेक नाकपुडी वेगळी तपासायची.

दुसरीसाठी, म्हणजे नजरेच्या नसेसाठी, 6 मीटरवरचा तक्ता, मग समोरासमोर बसून बाजूची नजर. टॉर्चने बाहुल्या बघितल्या की दुसरी आणि तिसरी दोन्ही एकदम कळतात. तिसरी गेल्याने पापणी पडलेली, डोळा बाहेर-खाली वळलेला, बाहुली मोठी आणि जोडीला अचानक उठलेली डोकेदुखी असेल, तर पुढची तपासणी राहू द्या, गाडी बोलवा. 'जिना उतरताना एकाच्या दोन पायऱ्या दिसतात' असं कुणी म्हणालं तर चौथी आठवा. सहावी गेली की डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही.

पाचवीला कापसाचा धागा: कपाळ, गाल, हनुवटी. जबड्याच्या कोनावर मात्र फसू नका. तिथली कातडी मानेच्या नसांकडे आहे. मग दात आवळायला सांगून कानशिलं चाचपा.

ऐकण्याच्या आठवीला 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. नववी-दहावीला 'आ' म्हणायला लावा. पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. जिभेचं उलट: बारावी गेली की बाहेर काढलेली जीभ बिघडलेल्या बाजूलाच वळते. अकरावीला खांदे उडवायला सांगायचे, तेही तुमच्या हाताच्या जोराविरुद्ध.

सातवी, चेहरा हलवणारी नस, मी मुद्दाम मागे ठेवली. आमच्याकडे नातेवाईक सांगत येतात, 'तोंडावरून वारं गेलंय.' तुम्ही लगेच तोंडाच्या कोपऱ्याकडे बघू नका. 'भुवया वर करा' म्हणा आणि आठ्या मोजा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून पक्षाघातात तोंड वाकडं होतं, पण आठ्या बहुधा दोन्हीकडे पडतात. अर्ध्या कपाळाला इस्त्री केल्यासारखं दिसलं तर बिघाड बहुतेक खुद्द नसेत, म्हणजे बेल्स पाल्सी. तरीही हातपाय, बोलणं आणि बाकीच्या नर्व्ह तपासल्याशिवाय हात झटकायचे नाहीत. मेंदूच्या देठातल्या झटक्यातही कपाळ जाऊ शकतं. कानात डोकावून पुरळ आहे का तेही बघा.

मग 'डोळे घट्ट मिटा' आणि 'दात दाखवा'. आजीबाईंना शिट्टी वाजवायला सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसतात. त्यांना 'चूल फुंका' म्हणा. कमजोर बाजूने हवा निसटते ती लगेच दिसते.

पक्षाघात वाटला तर सुरू झाल्याची वेळ विचारून तडक पाठवा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुभा असते. बेल्स पाल्सीत स्टेरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं. आणि गोळ्या लिहून देताना डोळा विसरू नका. तो मिटत नाही, रात्रभर कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद. ही पट्टी कशी लावायची ते सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला तिथेच, तुमच्यासमोर एकदा लावायला लावा.