जीमॅटची डेटा सफिशियन्सी: उत्तर काढत बसू नका

जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत डेटा सफिशियन्सी नावाचे प्रश्न असतात: एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. इथे उत्तर काढायला दिलेली माहिती पुरते का, एवढंच बघायचं. माझ्याकडे येणारी इंजिनिअर पोरं नेमकी इथेच अडकतात. गणित शेवटपर्यंत सोडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

समजा, प्रश्न आहे: क्ष धन आहे का? विधान 1: क्षचा वर्ग 16. विधान 2: क्ष 5 पेक्षा लहान.

दुसरं विधान हाताने झाका. 4 आणि -4 दोन्ही बसतात, म्हणजे अपुरं. आता पहिलं झाका: 3 चालतो, -3 सुद्धा. एकत्र घेतली तरी 4 आणि -4 उरतातच, तेव्हा शेवटचा पर्याय, म्हणजे ‘दोन्ही मिळूनही अपुरं’. ‘दोन्ही मिळून पुरे’ला टिक करणारे घाईत फसतात.

आणि हो, ठाम ‘नाही’ आलं तरी माहिती पुरेशीच धरायची. हे प्रश्न ज्यात येतात त्या डेटा इनसाइट्स सेक्शनमध्ये 45 मिनिटांत एकूण 20 प्रश्न असतात. कॅल्क्युलेटर मिळतो, पण असल्या प्रश्नाला त्याला हातसुद्धा लावू नका.